आज्ञाभाषांचा उदयकाल

इसवी सन १९४६ च्या फेब्रुवारी महिन्यात फिलाडेल्फिया येथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ‘एनिअ‍ॅक’ नावाचे जे प्रचंड गणनयंत्र जगापुढे मांडण्यात आले, त्याच्या पोटात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या, आणि तोफेतून सुटलेला गोळा लक्ष्यावर जाऊन आदळण्यापूर्वीच त्याच्या मार्गाचे गणित करून देण्याइतका वेग त्याच्या अंगी होता. परंतु अशा या यंत्राला नवा प्रश्न सांगावयाचा, तर त्याच्याशी बोलण्याजोगी कोणतीही भाषा कोणापाशी नव्हती. शेकडो तारा एका खणातून उपटून दुसऱ्या खणात बसवावयाच्या, हजारो खटके एकेक करून फिरवावयाचे, आणि अशा रीतीने यंत्राची सारी रचनाच त्या प्रश्नापुरती बदलून टाकावयाची, हीच आज्ञा देण्याची तऱ्हा होती. हे काम ज्या सहा तरुण स्त्रियांवर सोपविले होते, त्या कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन यांच्या हाती यंत्राचे नकाशे तेवढे देण्यात आले होते. त्या नकाशांवरून यंत्राचा स्वभाव ओळखून त्यांनी आपली विद्या आपणच निर्माण केली. पुढील पंधरा वर्षांत या क्षेत्रात जे घडले त्याचा मूळ प्रश्न याच दालनात उभा होता: यंत्राला प्रश्न सांगण्याचा अधिकार यंत्राच्या अंतरंगात मुरलेल्या मूठभरांचा, की ज्याच्या मनात तो प्रश्न उद्भवला त्याचा?

या प्रश्नाचे पहिले समग्र उत्तर ज्याने लिहिले, त्याचे ते उत्तर वाचण्यास त्या वेळी कोणी नव्हते. कोनराड झूसे हा बर्लिनचा स्थापत्य अभियंता. त्याने १९४१ च्या मे महिन्यात ‘झेड-३’ हे आज्ञावलीबरहुकूम चालणारे गणनयंत्र पूर्ण केले होते. ते यंत्र १९४३ च्या बॉम्बवर्षावात नष्ट झाले. त्यापुढचे ‘झेड-४’ वाचविण्यासाठी १९४५ च्या आरंभी ते बर्लिनहून हलवून, गटिंगेनमार्गे, बव्हेरियातील आल्प्सच्या कुशीतल्या हिंटरश्टाइन या खेड्यात नेण्यात आले. राष्ट्र कोसळले होते, यंत्र चालविण्याची सोय नव्हती, अन्नाचीही ददात होती; आणि अशा काळात त्या खेड्यात बसून झूसे याने ‘प्लानकाल्क्यूल’, म्हणजे योजनांचे गणित, या नावाने एका संपूर्ण आज्ञाभाषेचा मसुदा सिद्ध केला. केवळ आकडेमोड करणे एवढेच यंत्राचे कार्य नव्हे, तर कोणत्याही स्वरूपाची माहिती घेऊन तिच्यावर तर्कशुद्ध संस्कार करणे हे त्याचे कार्य आहे, ही दृष्टी त्या मसुद्यात आढळते, आणि तिची कसोटी म्हणून बुद्धिबळाच्या नियमांची परीक्षा करणाऱ्या आज्ञावली त्याने त्यात कित्येक पाने खर्चून लिहिल्या आहेत. हा ग्रंथ समग्र रूपाने छापला गेला तो १९७२ मध्ये. जी भाषा काळाच्या दृष्टीने प्रथम म्हणावी, तिच्यापासून तिच्यानंतरच्या भाषांनी प्रत्यक्षात फारसे काही उचलले नाही, ही या इतिहासातील मला सर्वांत व्यथित करणारी गोष्ट वाटते. तथापि एक धागा तुटला नाही. ‘झेड-४’ हे यंत्र १९५० मध्ये झुरिकच्या तंत्रविद्यापीठाने भाड्याने घेतले, आणि तेथे हाइन्झ रुटिसहाउसर नावाचा एक गणिती त्यावर काम करता करता असा विचार करू लागला की, गणिती सूत्राचे आज्ञांत रूपांतर करण्याचे काम यंत्रावरच का सोपवू नये? या रुटिसहाउसरची गाठ आपल्याला पुढे पडणार आहे.

इंग्लंडात केंब्रिज येथे मॉरिस विल्क्स याच्या मंडळीने बांधलेल्या ‘एडसॅक’ या यंत्राने १९४९ च्या ६ मे रोजी वर्गसंख्यांचे कोष्टक छापून दिले, तेव्हा तारा उपटण्याचे युग संपले. आज्ञावली आता आकड्यांप्रमाणे यंत्राच्या स्मृतीतच साठविता येऊ लागली. डेव्हिड व्हीलर या तरुणाने अवघ्या ३१ आज्ञांची एक प्रारंभिका रचली, तिच्या योगाने कागदी फितीवर अक्षरांत लिहिलेली आज्ञा यंत्र स्वतःच द्विमान अंकांत उतरवून घेई. वारंवार लागणाऱ्या गणितांच्या उपआज्ञावली एकदाच लिहून, तपासून, ग्रंथालयाप्रमाणे मांडून ठेवण्याची प्रथाही तेथलीच. पण याच दिवसांत विल्क्सला जिन्याच्या वळणावर एकाएकी जाणीव झाली की, आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग आता आपल्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यात जाणार आहे. त्याने हे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, आणि या व्यवसायात पडलेल्या प्रत्येकाला ते आजही पटेल.

चुका होत कशा, हे पाहिल्यावाचून पुढील प्रयत्नांचे मोल कळणार नाही. यंत्राच्या भाषेत दोन संख्यांची बेरीज म्हणजे एक आज्ञा नव्हे. पहिली संख्या स्मृतीच्या अमुक क्रमांकाच्या घरातून आणावी, तमुक घरातील तीत मिळवावी, फल तिसऱ्या घरात ठेवावे, असा तो तीन हुकमांचा व्यवहार, आणि प्रत्येक हुकमात नाव नाही, गाव नाही, केवळ घराचा क्रमांक. लिहून झाल्यावर मध्येच एक आज्ञा घालण्याचा प्रसंग आला की तिच्यापुढच्या साऱ्या आज्ञांची घरे सरकत, आणि त्या घरांचा उल्लेख जेथे जेथे आला असेल तेथे तेथे क्रमांक बदलावे लागत. एक जरी राहून गेला तरी दिवसाचे काम व्यर्थ.

या दैन्यावर अमेरिकेत ज्यांनी सर्वांत आधी मोठ्या प्रमाणावर उपाय योजला, त्या ग्रेस हॉपर. व्हासार महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या, येल विद्यापीठाची १९३४ ची डॉक्टरेट मिळविलेल्या या बाई महायुद्धात नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या आणि १९४४ मध्ये हार्वर्ड येथे हॉवर्ड एकेनच्या ‘मार्क-१’ यंत्रावर रुजू झाल्या. तेथे आणि नंतर फिलाडेल्फियात युनिव्हॅक यंत्रावर काम करताना त्यांच्या ध्यानात आले की, तपासलेल्या उपआज्ञावली सर्वांच्या वह्यांत असूनही त्या उतरवून घेताना उत्तमोत्तम गणितीसुद्धा नक्कल चुकवितात आणि घरांच्या क्रमांकांची बेरीजही चुकवितात. ‘बी’ या अक्षराचा १३ होतो आणि चाराचा आकडा भलतेच चिन्ह होऊन बसतो. नक्कल करणे आणि बेरीज करणे ही तर यंत्राची खास कामे! तेव्हा उपआज्ञावलींचा संग्रह फितीवर ठेवावा, माणसाने त्यांचे सांकेतिक क्रमांक तेवढे सांगावेत, आणि त्या शोधून, जोडून, घरांचे क्रमांक नीट लावून अखंड आज्ञावली सिद्ध करण्याचे काम यंत्राने करावे, अशा विचाराने त्यांनी ‘ए-०’ हा कंपायलर रचला आणि १९५२ च्या मे महिन्यात आपला निबंध विद्वानांपुढे वाचला. आजच्या अर्थाने तो पूर्ण कंपायलर नव्हता, जुळणी करणारा होता. पण यंत्र स्वतःसाठी आज्ञावली लिहू शकते ही गोष्ट त्याने प्रत्यक्ष करून दाखविली, आणि तरीही बराच काळ तिच्यावर कोणी विश्वास ठेवीना.

हॉपरबाईंची पुढची झेप याहून धाडसी होती. व्यापारी पेढीतील हिशेबनिसाला गणिती चिन्हे का शिकवावी, त्याने साध्या इंग्रजी शब्दांत हुकूम लिहावेत, असे त्यांचे म्हणणे. हे शक्य आहे हे दाखविण्यासाठी १९५५ च्या सुमारास त्यांनी वरिष्ठांपुढे एक लहानशी आज्ञावली इंग्रजीत सादर केली, आणि यंत्राच्या लेखी शब्द कोणते हे गौण आहे हे स्पष्ट व्हावे म्हणून तीच फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही सादर केली. परिणाम उलटा झाला. अमेरिकेत बांधलेल्या यंत्राला फ्रेंच किंवा जर्मन समजावे ही कल्पनाच वरिष्ठांना असह्य झाली, आणि आमचा हेतू इंग्रजीपुरताच आहे अशी ग्वाही मंडळीला बराच काळ देत बसावे लागले. ज्या क्षणी हे सिद्ध झाले की यंत्राला सर्व भाषा सारख्याच, त्याच क्षणी त्याला एका भाषेशी बांधून टाकण्यात आले. जगातील इतर भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रसंग विसरू नये.

आता, आज्ञावली लिहिण्याचे काम यंत्रावर सोपवावे की नाही हा वाद ज्या प्रकरणाने निकालात निघाला, त्याकडे वळू. जॉन बॅकस हा १९२४ साली जन्मलेला तरुण. एका विद्यापीठातून अपयश घेऊन निघालेला, सैन्यात गेलेला, वैद्यकाचा अभ्यास सोडून दिलेला, आणि शेवटी कोलंबिया विद्यापीठात गणितात रमलेला. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून काचेआड दिसणारे आय.बी.एम. कंपनीचे गणनयंत्र पाहावयास तो गेला, आणि तेथेच त्याने नोकरी मिळविली. तीन वर्षे यंत्रभाषेत काम केल्यावर, १९५३ च्या अखेरीस त्याने आपला वरिष्ठ कथबर्ट हर्ड याजकडे अर्ज केला की, येऊ घातलेल्या ‘७०४’ या यंत्रासाठी गणिती सूत्रांतून थेट आज्ञावली निर्माण करणारी व्यवस्था बांधण्याची परवानगी मिळावी. त्याने मांडलेला हिशेब व्यवहारी होता: गणनकेंद्रात आज्ञावली लिहिणाऱ्यांवर होणारा खर्च यंत्राच्या खर्चाच्या बरोबरीने येतो, आणि यंत्राचाही पाव ते निम्मा वेळ चुका शोधण्यातच जातो. परवानगी मिळाली.

परंतु धंद्यातील जाणत्यांचा विरोध सोपा नव्हता, आणि तो केवळ अहंकाराचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. तोपर्यंतच्या यंत्रांना अपूर्णांकांचा लहानमोठा आवाका सांभाळण्याची सोय अंगची नव्हती. ते काम उपआज्ञावलींकरवी करवून घ्यावे लागे आणि त्यातच यंत्राचा बहुतेक वेळ जाई. त्यामुळे स्वयंचलित व्यवस्थेने थोडा अधिक वेळ खाल्ला तरी तो त्या संथपणात लपून जाई. ‘७०४’ मध्ये ही सोय प्रत्यक्ष यंत्ररचनेतच आली, आणि तो आडोसा नाहीसा झाला. आता यंत्राने रचलेली आज्ञावली जर निष्णात माणसाच्या आज्ञावलीहून निम्म्या वेगाने चालली असती, तर महागड्या यंत्राचा निम्मा वेळ वाया घालविणारी भाषा कोणीही पत्करली नसती. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात लॅनिंग आणि झिअर्लर यांनी ‘व्हर्लविंड’ यंत्रावर बीजगणिती सूत्रे स्वीकारणारी एक सुंदर व्यवस्था उभारली होती. पण तिचा वेग मूळच्या सुमारे दशांशावर येई. जाणत्यांच्या शंकेला असा पुरावा होता. आपल्या कलेला गूढ मानणाऱ्या या वर्गाला बॅकसने पुढे पुरोहितांची उपमा दिली; पण त्यांना जिंकण्याचा मार्ग त्याने निवडला तो वादाचा नव्हे, वेगाचा.

त्याच्या भोवती जमलेली माणसे थोडी आणि विविध होती. हार्लन हेरिक, अर्व्हिंग झिलर, रॉबर्ट नेल्सन, पीटर शेरिडन, रिचर्ड गोल्डबर्ग, स्फटिकविद्येतून आलेला डेव्हिड सेअर, एका विमान कंपनीने उसना दिलेला रॉय नट, तंत्रविद्यापीठातून आलेला शेल्डन बेस्ट, आणि हॉपरबाई जेथे शिकवीत त्या व्हासारहून नुकतीच पदवी घेऊन आलेली लॉइस हेट. ‘फोरट्रान’ या भाषेचा खर्डा १९५४ च्या नोव्हेंबरात बाहेर पडला. भाषेचे व्याकरण ठरविण्यात या मंडळीने फार वेळ घालविला नाही. बॅकसच्या कबुलीप्रमाणे ती चालता चालता घडत गेली. त्यांचा सारा जीव अडकला होता तो भाषांतर करणाऱ्या कंपायलरमध्ये. ‘७०४’ ला केवळ तीन निर्देशांक नोंदवह्या होत्या. कोणत्या क्षणी कोणती संख्या त्यांत ठेवली असता यंत्राची धावपळ कमीत कमी होईल, हा प्रश्न इतका बिकट की, लिहिलेल्या आज्ञावलीचा कोणता भाग किती वेळा चालेल याचा अंदाज यदृच्छ संख्यांच्या साहाय्याने आधी घ्यावा लागे. हा अंदाज घेणारा विभाग हेट बाईंचा, आणि त्यावरून वाटप करणारा बेस्टचा. रात्री यंत्र मोकळे असे, म्हणून कार्यालयाजवळच्या लँगडन नावाच्या हॉटेलात खोल्या घेऊन मंडळी दिवसा थोडी झोप काढीत आणि रात्री यंत्रावर बसत. काम केव्हा पुरे होणार असे कोणी विचारले की सहा महिन्यांत, हे उत्तर ठरलेले. अर्जापासून हातावेगळे होईपर्यंत मुदत गेली ती तीन वर्षांहून अधिक. कंपनीने या काळात त्यांना निमूटपणे काम करू दिले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

फळ मात्र अपेक्षेहून मोठे आले. कंपायलरने काढलेल्या आज्ञा पाहून त्याचे कर्तेच चकित होत. एखादे गणित त्याने भलत्याच जागी हलविलेले दिसावे, हा दोष असावा असे वाटावे, आणि बारकाईने पाहिल्यावर कळावे की तेच बरोबर आहे. १९५७ च्या निबंधात त्यांनी एक साधा दाखला दिला आहे. एका गृहस्थाने एक दिवस फोरट्रानचे शिक्षण घेतले, वर पुस्तिका चाळली, आणि चार तासांत ४७ वाक्यांची आज्ञावली लिहिली; यंत्राने सहा मिनिटांत तिच्या सुमारे १,००० आज्ञा केल्या. उत्तर चुकले, पण कोणते वाक्य चुकले हे त्याला स्वतःलाच सापडले, आणि ते सुधारताच काम झाले. हेच हाताने लिहावयास तीन दिवस लागले असते, चुका शोधण्याचा काळ निराळा, आणि वेगात काही कमाई झाली नसती, असा त्याचा अंदाज. या दाखल्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते चार तास नव्हेत. ज्याचा प्रश्न होता त्यालाच आपली चूक आपल्या वाक्यात सापडली, हे मोलाचे.

१९५७ च्या एप्रिलमध्ये पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउस कंपनीच्या बेटिस प्रयोगशाळेत कंपायलरच्या छिद्रपत्रांचा गठ्ठा येऊन पोचला. तेथील मंडळीने आपली पहिली आज्ञावली घातली, तेव्हा यंत्राने उत्तराऐवजी एक स्वल्पविराम राहिला असल्याची सूचना छापली. स्वल्पविराम घातल्यावर उत्तर आले. थोड्याच वर्षांत गणितज्ञ, पदार्थविज्ञानी आणि अभियंते यांची ती नित्याची भाषा झाली.

व्यापारी हिशेबांसाठीच्या ‘कोबोल’ भाषेचा जन्म मात्र सरकारी मसलतीतून झाला. मेरी हॉज यांच्या पुढाकाराने १९५९ च्या एप्रिलात प्राथमिक विचारविनिमय झाला, मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या संरक्षण खात्यात बैठक भरली, आणि तात्पुरती म्हणून नेमलेल्या समितीने हॉपरबाईंच्या ‘फ्लोमॅटिक’ या इंग्रजी शब्दांच्या भाषेचा आधार घेऊन जमाखर्चाची भाषा सिद्ध केली. १९६० च्या डिसेंबरात दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकच आज्ञावली चालवून दाखविण्यात आली. भाषा यंत्राच्या मालकीची नाही हे त्या दिवशी सिद्ध झाले. विद्वानांनी तिच्याकडे नाक मुरडले, पण बँका आणि विमा कंपन्यांची दप्तरे तिनेच सांभाळली. वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदवून जागा वाचविण्याची त्या काळची सवय शतकाच्या अखेरीस निस्तरावी लागली, तेव्हा ते काम मुंबई-पुण्याच्या अनेक तरुणांनीही केले. त्याच सुमारास जॉन मॅकार्थी याने ‘लिस्प’ रचली. तिचा वंश बुद्धियुक्त यंत्रांच्या संशोधनाकडे जातो आणि तिच्यासाठी स्वतंत्र लेख हवा.

राहिली ‘अल्गोल’. १९५८ च्या मे महिन्याच्या अखेरीस झुरिक येथे चार अमेरिकन आणि चार युरोपीय विद्वान एकत्र बसले. त्यांत बॅकस होता आणि आपला रुटिसहाउसरही. सर्व यंत्रांना आणि सर्व राष्ट्रांना समान अशी एक भाषा करावी हा त्यांचा संकल्प. पण दशांशाची खूण टिंबाने करावी की स्वल्पविरामाने, या मुद्द्यावर चर्चा अडून बसली, आणि तोड निघाली ती अशी की, भाषेची तीन रूपे मानावीत: आदर्श रूप एक, छापण्याचे एक आणि यंत्राला देण्याचे एक. वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या कलहातून भाषेचा आशय आणि तिची लिपी यांचा भेद प्रथमच इतका स्पष्ट झाला. १९६० च्या जानेवारीत पॅरिस येथे तेरा जणांची बैठक भरली. तिच्या तोंडावर मोटार अपघातात मृत्यू पावलेल्या विल्यम तुरान्स्की या सहकाऱ्याच्या स्मृतीला तिचा अहवाल अर्पण केलेला आहे. अहवाल संपादिला डेन्मार्कच्या पीटर नाउर याने, आणि त्यासाठी बॅकसने सुचविलेली व्याकरणसूत्रांची पद्धती त्याने संस्कारून वापरली. छपाईपूर्वी अ‍ॅम्स्टरडॅमहून त्याला दूरध्वनी आला, आणि एखादी आज्ञावली स्वतःलाच पुन्हा बोलावू शकते हे स्पष्ट करणारे एक वाक्य त्यात घालण्यात आले. फोन करणाऱ्यांतील तरुण एड्सगर डाइक्स्ट्रा याने झोनेवेल्टच्या साहाय्याने त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत अल्गोलचा कंपायलरही पुरा केला.

या व्याकरणपद्धतीविषयी आपल्या दृष्टीने महत्त्वाची एक नोंद आहे. १९६७ मध्ये पी. झेड. इंगरमन या अमेरिकन संशोधकाने संगणकशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकाला पत्र लिहून सुचविले की, हिला ‘पाणिनि-बॅकस पद्धती’ म्हणावे, कारण अशाच शक्तीची सूत्ररचना पाणिनीने अष्टाध्यायीत शतकानुशतकांपूर्वी केली होती. बॅकसने पाणिनीचे काही घेतले असा याचा अर्थ नाही, आणि तसा अभिमान बाळगणे दोघांवरही अन्याय करणारे ठरेल. भाषेचे नियम मोजक्या पण निःसंदिग्ध शब्दांत बांधावयाचे म्हटले की बुद्धी कोणत्या मार्गाने जाते, याची ती दोन स्वतंत्र प्रमाणे आहेत.

हा सारा वृत्तांत आज इतक्या बारकाव्यांनिशी सांगता येतो, कारण १९७८ च्या जूनमध्ये जीन सॅमेट यांच्या पुढाकाराने लॉस एंजेलिस येथे खास परिषद भरली आणि भाषा रचणाऱ्यांनी आपापल्या हकिकती तेथे स्वतः मांडल्या. बीजभाषण हॉपरबाईंचे झाले. असे सांगण्याजोगे आपल्याकडेही आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कामास लागला, आणि १९६४ मध्ये तेथे ‘सी.डी.सी. ३६००’ हा मोठा संगणक आला. त्यावर आपल्या संशोधकांनी फोरट्रानमध्ये स्वतःचे प्रश्न स्वतः मांडले. छिद्रपत्रांचे गठ्ठे हाताळणारी ती पिढी आता वार्धक्यात आहे. तिच्यापैकी जे आपल्यात आहेत त्यांनी आपले अनुभव मराठीत लिहून ठेवावेत, ज्यांच्या घरी त्या काळच्या वह्या, पत्रे किंवा आज्ञावलींची छापील पाने असतील त्यांनी ती रद्दीत न घालता एखाद्या ग्रंथसंग्रहालयाच्या स्वाधीन करावीत, आणि हे काम याच दशकात व्हावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.